पदवी आली, पाटी यायची आहे

मे महिन्याची दुपार म्हणजे आमच्या गच्चीवर कुरडयांची दुपार. २०२५ सालच्या मेमधली गोष्ट सांगते. चीक घोटून घोटून माझे हात भरून आलेले, सासूबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून सोऱ्याला पीळ देताहेत, आणि खाली फोन वाजतोय तो थांबायला तयार नाही. शेवटी धाकट्यानं तो वर आणून माझ्या कानाला लावून धरला. पलीकडे वन्सं. "अगं, पोरगी पास झाली! पदवीदान सुद्धा झालं. पेढे आण आणि सगळ्या कॉलनीत वाट, पैसे मी पाठवते."

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची सर्वांत थोरली बहीण. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, माझ्याहून पाचच वर्षांनी लहान. नात्यानं मी मामी, पण खरं म्हणाल तर आम्ही मैत्रिणीच. इथं बी.एस्सी. नर्सिंग केलं, लग्न होऊन ह्यूस्टनला गेली, व्हिसाच्या कटकटीत तीन वर्षं घरात बसली, मग तिथली नर्सिंगची परीक्षा देऊन हॉस्पिटलात लागली. रात्रपाळ्या करत, एक मूल वाढवत तिनं नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यास पुरा केला. तेव्हा पेढे वाटण्यासारखं होतंच. मी हात धुतले आणि निघाले.

शेजारच्या काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "म्हणजे डॉक्टर झाली का?" मी म्हटलं, "डॉक्टर नव्हे, पण जवळजवळ तसंच." "मग दवाखाना कधी?" "आता काय, कधीही!" असं मी ठोकून दिलं. रात्री तिला फोन केला तर ती हसायलाच लागली. "मामी, पेढे जरा लवकर वाटलेस गं. अजून मला एका पेशंटला साधं खोकल्याचं औषध लिहून देता येत नाही."

मैत्रिणींनो, गेल्या दोन खेपांना आपण वर्षाच्या साठवणीबद्दल बोललो. आज तो विषय बाजूला ठेवते. कारण बार्शीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. तिच्या धाकट्या जावेचा जी.एन.एम.चा निकाल लागला आहे, कौन्सिलची नोंदणी व्हायची आहे, आणि गावातलं एक नर्सिंग होम म्हणतंय की उद्यापासून या. "जाऊ द्यावं का?" असं तिनं विचारलंय. उत्तर लिहायला बसले आणि सगळी भाचीचीच गोष्ट आठवायला लागली. तेव्हा आधी ती सांगते, मग जावेकडे वळते.

नर्स प्रॅक्टिशनर हा शब्द आपल्याकडे अजून रुळलेला नाही. अमेरिकेत त्याची सुरुवात १९६५ साली झाली. कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकाबाईंनी आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून पहिला अभ्यासक्रम काढला. आडगावच्या मुलांना तपासायला डॉक्टर पोचत नव्हते, मग अनुभवी नर्सलाच आणखी शिकवून तयार का करू नये, असा साधा विचार. (फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत गेल्या, १०४ वर्षांच्या होऊन.) आज ही बाई आधी रजिस्टर्ड नर्स असावी लागते. त्यावर मास्टर्स किंवा त्याहून वरची पदवी, आणि प्रत्यक्ष पेशंटबरोबर शेकडो तास. २०२२ साली तिथल्या शिक्षणसंस्थांनी ठरवलेल्या नव्या मापानं ते तास किमान ७५० झाले, पूर्वी ५०० होते. एवढं झालं की ती पेशंट तपासू शकते, निदान करू शकते, रक्त-लघवी तपासायला सांगू शकते, औषध लिहू शकते. निम्म्याहून अधिक राज्यांत तिला हे डॉक्टरच्या हाताखाली न राहता करता येतं. टेक्सासमध्ये, जिथं आमची भाची राहते, तिथं मात्र औषध लिहायचं तर डॉक्टरशी लेखी करार लागतो.

आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेनं अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा असा अभ्यासक्रम आखला आहे. २०१८ साली बाळंतपणासाठी अशा नर्सेस तयार करायचं केंद्र सरकारनं ठरवलं, त्याचं प्रशिक्षण अठरा महिन्यांचं. म्हणजे शब्द आज ना उद्या आपल्या गावात यायचाच.

तर "एवढं झालं की" असं मी वर लिहिलं, त्यातच सगळी मेख आहे. पदवी झाली म्हणजे एवढं होत नाही. पदवी हा फक्त परीक्षेला बसायचा पास. ती परीक्षा वेगळीच संस्था घेते, विद्यापीठ नव्हे. भाचीनं दिली ती तीन तासांची, १५० प्रश्नांची. गंमत म्हणजे त्यातले १५ प्रश्न मोजतच नाहीत, ते पुढच्या वर्षांसाठी चाचपून बघायचे असतात. पण ते कुठले हे मुलींना कळू देत नाहीत. नापास झालात तर आणखी १५ तासांचं शिक्षण घेऊन पुन्हा बसा, पण एका वर्षात दोनदाच. पास झालात की विद्यापीठाचं अंतिम गुणपत्रक त्या संस्थेला पोचायला हवं, तेव्हा कुठं प्रमाणपत्र. ते घेऊन राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज. बोर्डाचा परवाना आला की औषधं लिहायची परवानगी. झोपेच्या किंवा जोरकस वेदनाशामक गोळ्या लिहायच्या तर दिल्लीसारख्या त्यांच्या मध्यवर्ती सरकारकडे आणखी एक नोंदणी, तिची फी ८८८ डॉलर, तीन वर्षांसाठी. आणि हे सगळं झाल्यावर विमा कंपन्यांच्या यादीत नाव चढायचं, त्याला सहज तीन-चार महिने जातात. तिथं विम्याशिवाय पेशंट दवाखान्याची पायरी क्वचितच चढतो, तेव्हा यादीत नाव नसेल तर परवाना असून नसल्यासारखा.

मी ऐकत होते आणि आमच्या नळजोडणीच्या फाइलीची आठवण येत होती.

मग या मधल्या काळात करायचं काय? मी विचारलं, "तात्पुरता परवाना नाही का मिळत?" ती म्हणाली, "एखाद्या राज्यात मिळतो, तोही देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीपुरता. राज्य बदललं की नियम बदलतो. शेजारणीला मिळाला म्हणून आपल्याला मिळेल असं धरून चालायचंच नाही, आपल्या बोर्डाला विचारायचं." तिच्यापुरतं उत्तर साधं होतं. तिचा रजिस्टर्ड नर्सचा परवाना पक्का होता, आणि नवा येईपर्यंत तिनं त्याच परवान्यावर, तेवढंच काम करायचं.

ऐकायला साधं वाटतं, पण करताना जड जातं. त्याची एक रात्र तिनं मला सांगितली, ती मी विसरलेले नाही. पहाटे पाचला एका आजीबाईंच्या रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम ५.८. ते पाचाच्या आत हवं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आणि सहा वाजता त्याच आजींना पोटॅशियमचीच गोळी द्यायची, असं कागदावर लिहिलेलं. आदल्या दिवशी ते कमी असणार म्हणून कुणी लिहिलं असेल. भाचीनं गोळी थांबवली. हे नर्सचं कामच आहे, शंका आली तर औषध थांबवून विचारायचं. पण त्यापुढं काय करायचं, कुठला हृदयाचा आलेख काढायचा, दुसरं कुठलं औषध बंद करायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. नुकतीच त्यावरच परीक्षेची तयारी करत होती की! चार महिन्यांनी तीच ते स्वतःच्या सहीनं लिहिणार होती. त्या पहाटे मात्र तिनं फोन उचलून डॉक्टरांना झोपेतून उठवलं. डॉक्टरांना ती शिकतेय हे माहीत होतं. ते म्हणाले, "तुला काय वाटतं?" तिनं सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर, कर तसं." तिनं त्यांचा हुकूम लिहून घेतला, त्यांना परत वाचून दाखवला, आणि मग केलं.

"म्हणजे तूच केलंस की!" मी म्हटलं.

"नाही मामी. मी सुचवलं. हुकूम त्यांचा होता. ते 'नको' म्हणाले असते तर मी वाद घातला असता, वरच्या डॉक्टरांना फोन केला असता, पण स्वतःहून लिहिलं नसतं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि उलटंही बरं का. मला कळतंय ते न कळल्यासारखं करून गप्प बसणंही चालत नाही. शिकलेलं डोक्यातून काढून ठेवता येत नाही, फक्त सही करायचा हक्क नाही."

छातीवरच्या बिल्ल्यावर अजून जुनंच, रजिस्टर्ड नर्स. बरोबरीच्या नर्सेस थट्टा करत. त्या वर्षी ऑगस्टअखेर गणपती आले, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी आरतीच्या रांगेतच तिला गाठलं. कुणाला अँटिबायोटिक लिहून हवं, कुणाला प्रेशरची गोळी बदलून हवी. "आपल्या घरची डॉक्टरीण" म्हणून तिची ओळख करून देत होते. ती म्हणे मोदकाचं ताट पुढं करी आणि सांगे, "मी फक्त प्रसाद देते." पण हे गणपतीतलं झालं. त्याच्या आधी जुलैत जे झालं ते जास्त महत्त्वाचं.

पदवीच्या आधीच तिला एका खाजगी दवाखान्यातून बोलावणं आलं होतं. पगार चांगला, रात्रपाळी नाही, घरापासून पंधरा मिनिटं. एक ऑगस्टपासून कामावर या म्हणाले. जुलैत तिनं कळवलं की परीक्षाच लांबली आहे, परवाना सप्टेंबरच्या आत येणं कठीण. (परीक्षा का लांबली ते पुढं सांगते, त्यात आपल्या सगळ्यांना शिकण्यासारखं आहे.) तर तिथल्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "काही बिघडत नाही. तुम्ही एक तारखेपासून या. खोलीत पेशंट तुम्ही बघा, औषध ठरवा, सही डॉक्टर करतील. बिलही त्यांच्या नावानं जाईल."

तिनं त्या रात्री मला फोन केला. आईला करायच्या आधी मला. "मामी, काय करू?"

आता कबूल करते, मी म्हटलं, "जा की! डॉक्टर सही करताहेत ना? जबाबदारी त्यांची. सगळीकडे असंच चालतं."

हे मी का म्हटलं तेही सांगते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. बी.ए. आहे, बी.एड. नाही, त्यामुळे तासाप्रमाणे पैसे आणि प्रगतिपुस्तकावर सही करायचा हक्क नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मला रजेवर गेलेल्या बाईंचा वर्ग दोन महिने घ्यायला सांगितला आणि दैनंदिनीत नाव त्यांचंच लिहायला लावलं. मी लिहिलं. पेपर मी तपासले, सह्या त्यांच्या. एका मुलीच्या गणिताच्या गुणांची बेरीज चुकली, तिचे वडील भांडायला आले, तेव्हा त्या बाईंनी हात वर केले आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत मी उभी! कागदावर मी कुठंच नव्हते, पण बोलणी माझ्या वाट्याला आली. त्या बेरजेची चूक माझीच होती, हेही खरं. एवढं होऊनही "सगळीकडे असंच चालतं" हेच माझ्या तोंडून आलं. सवय वाईट.

भाचीनं मात्र दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. तिची कारणं तिनं मला नंतर समजावून सांगितली. पहिलं असं की पेशंटला खोलीत जी बाई दिसते तिला तो नर्स प्रॅक्टिशनर समजणार, आणि ती अजून ती नाही. डॉक्टर शेजारच्या खोलीत बसून पंचवीस कागदांवर सह्या करणार, त्यांनी पेशंट पाहिलेलाच नाही. दुसरं पैशाचं. तिथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात नर्स प्रॅक्टिशनरनं तपासलं तर डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के पैसे मिळतात, डॉक्टरच्या नावावर गेलं की पूर्ण १००. डॉक्टरच्या नावावर बिल लावायला नियम आहेत, कडक आहेत. परवाना नसलेल्या मुलीनं तपासायचं आणि बिल डॉक्टरचं लावायचं हे त्यात कुठंच बसत नाही. सरकारनं तपासलं तर ते फसवणुकीत मोडतं. तिसरं म्हणजे तिचा जो अपघात-चुकीचा विमा होता तो नर्सच्या कामापुरता. नर्स प्रॅक्टिशनरचं काम करताना काही बिघडलं तर विमा कंपनी म्हणणार, हे आमच्यात नाही.

आणि शेवटचं तिनं सांगितलं तेव्हा मी गप्पच झाले. "मामी, यात पकडलं गेलं तर नवा परवाना तर मिळायचा नाहीच. पण हातातला नर्सचा परवाना सुद्धा जाईल. तो मिळवायला मला तीन वर्षं घरात बसावं लागलं, इथल्या परीक्षा द्याव्या लागल्या. दोन महिन्यांच्या पगारासाठी मी तो पणाला लावू?"

वन्संना हे कळल्यावर त्यांनी तिच्याशीही अबोला धरला आणि माझ्याशीही. "हातची नोकरी घालवली. तू मामी असून समजावलं नाहीस," असं ह्यांच्याजवळ म्हणाल्या. मी समजावलं होतं, उलट्या बाजूनं, हे सांगायची मला लाज वाटली. ती नोकरी खरोखरच गेली. त्या दवाखान्यानं ऑगस्टमध्ये दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. पुढं तिला दुसरी मिळाली, पण पगार थोडा कमी आणि रोजचा चाळीस मिनिटांचा प्रवास. हे लिहिते, कारण अशा गोष्टीत खरेपणाचं बक्षीस लगेच मिळतं असं दाखवायची आपल्याला हौस असते. तसं झालं नाही.

आता परीक्षा लांबली का, ते. नावापायी!

आपल्या मुलींची नावं बघा. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे आणि माहेरचं आडनाव. लग्न झालं की नवऱ्याचं नाव मधे आणि सासरचं आडनाव, कुठं कुठं पहिलं नाव सुद्धा बदलून टाकतात. भाचीच्या इथल्या पदवीवर माहेरचं नाव. पासपोर्टवर सासरचं. तिथल्या विद्यापीठात मधलं नाव गाळून घातलेलं. परीक्षेचा अर्ज भरताना घाईत तिनं पदवीवरचं नाव घातलं, आणि परीक्षेच्या दिवशी हातात ओळखपत्र गाडीच्या लायसनचं, त्यावर सासरचं. दारावरच्या माणसानं दोन्ही नावं ताडून पाहिली आणि तिला परत पाठवलं. नियमच आहे, फोटो असलेल्या ओळखपत्रावर आणि अर्जावर नाव तेच हवं. रडून उपयोग नव्हता. लग्नाचा दाखला, नावाची दुरुस्ती, नवी तारीख, यात पाच आठवडे गेले. परीक्षा जूनऐवजी जुलैच्या अखेरीस झाली. पास झाली, तिथल्या तिथं तसा कच्चा निकाल हातात दिला, ते सगळं ठीक. पण पाच आठवडे ते पाच आठवडेच.

हे वाचून तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या कपाटातली फाइल डोळ्यांपुढं आली असेल. माझ्या तर आली. माझं बी.ए.चं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, आणि बँकेत तिसरंच काहीतरी, ह्यांनी घाईत भरलेलं. त्या आठवड्यात मी सगळं बाहेर काढून गादीवर पसरलं. तुम्हीही एक दुपार यासाठी ठेवा. लग्नाची नोंदणी केली नसेल तर नगरपालिकेत जाऊन करून घ्या, लग्नाला वीस वर्षं झाली असली तरी. नाव बदललं असेल तर राजपत्रात ते छापून घेऊन त्या पानाच्या चार प्रती ठेवा. आणि घरात शिकणारी मुलगी असेल, तिचं लग्न ठरत असेल, तर सासरच्या मंडळींशी बोलून ठेवा की शिक्षण आणि नोंदणी पुरी होईपर्यंत नाव बदलायचं नाही. उखाण्यात घ्यायचं ते नाव घेऊ द्या, कागदावर घाई नको. माझ्या सासूबाई हे वाचून म्हणाल्या, "आमच्या वेळी कागदच नव्हते, तेच बरं होतं."

खर्चाचं थोडक्यात सांगते. पदवी झाली की पगार वाढणार म्हणून भाची आणि जावई नव्या घराचं बघत होते. तिनं ते सहा महिने पुढं ढकललं. रात्रपाळ्या सोडल्या नाहीत, आठवड्याला तीनच्या दोन केल्या. परीक्षेच्या, बोर्डाच्या आणि त्या ८८८ डॉलरांच्या फीसाठी तिनं आधीच वेगळे पैसे बाजूला टाकले होते, भिशीसारखे. वाढीव पगार हातात पडल्याशिवाय त्याच्यावर काही घ्यायचं नाही, हे तिचं आजीकडून आलेलं शहाणपण, म्हणजे माझ्या सासूबाईंकडून. त्यामुळे पहिली नोकरी गेली तेव्हा घरात रडारड झाली, पण हप्ता थकला नाही.

आता बार्शीच्या भगिनीला.

ताई, तुमच्या जावेला घरी बसवून ठेवा असं मी म्हणत नाही. निकाल आणि नोंदणी यांच्यामधले दिवस आपल्याकडेही लांबतात, आणि हातात पैसा नसलेल्या घरात ते फार लांब वाटतात. पण आपल्या राज्यात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदल्याशिवाय ती नोंदणीकृत परिचारिका होत नाही, हे नर्सिंग होमवाल्यांना तुमच्याइतकंच माहीत आहे. ते "उद्यापासून या" म्हणतात ते बहुधा कमी पगारात माणूस मिळतं म्हणून. तेव्हा आधी अर्ज गेला आहे का ते बघा, आणि त्याची पावती जपून ठेवा. अर्जावरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी आणि आधारशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

नर्सिंग होमला जायचंच असेल तर नेमणुकीचं पत्र मागा. त्यावर शिकाऊ किंवा मदतनीस असंच लिहून घ्या, "स्टाफ नर्स" नको. रात्री एकटीला वॉर्ड सोपवू नका असं स्पष्ट सांगा. नोंदणी झालेली दुसरी नर्स बरोबर असेल तरच जा. इंजेक्शन, सलाईन, बाळंतपण, यात तिनं दुसऱ्याच्या नावावर किंवा दुसऱ्यानं तिच्या कामावर सही करायची वेळ आली तर त्या दिवशी घरी परत यावं, मग पुढं पगार बुडाला तरी. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नका. "आमच्या कपाटात सुरक्षित राहतील" असं गोड बोलून ठेवून घेतात, मग नोकरी सोडताना दारावर खेटे घालावे लागतात. साक्षांकित झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत पिशवीत घाला.

सासरच्यांनी "शिकून काय उपयोग झाला" असं म्हणायला सुरुवात केली असेल, तर ते तेवढं तुम्ही ऐकून घ्या, तिच्यापर्यंत पोचू देऊ नका. मोठ्या जावेचं ते काम आहे. माझ्याकडून ते झालं नव्हतं.

भाचीचा बोर्डाचा परवाना सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मग नवी नोकरी, मग विम्याच्या याद्या. त्यात दिवाळी गेली, ती रात्रपाळीतच. अखेर २०२६ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, तिनं पहिला पेशंट स्वतःच्या सहीनं तपासला. त्या दिवशी तिनं मला नव्या बिल्ल्याचा फोटो पाठवला. मी तो वन्संना दाखवायला गेले. त्या तिळाची वडी थापत होत्या. चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "नाव कुठलं घातलंय गं, माहेरचं का सासरचं?"

सासरचं होतं. "बरं," म्हणाल्या, आणि मग, "माझा खोकला जाईना झालाय, तिला विचार बरं काय घेऊ."

मी तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, "आईला सांग, खोकला तीन आठवड्यांच्या वर झाला असेल तर उद्या सकाळी तिथल्या डॉक्टरांकडे जाऊन छातीचा फोटो काढ. मी टेक्सासची आहे."